मुलांच्या सोबतीला राहिलेले धर्मगुरू : संत जॉन बॉस्को

दरवर्षी ३१ जानेवारीला आपण संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करतो. जग त्यांना डॉन बॉस्को या नावाने ओळखते. इटलीत धर्मगुरूंच्या नावाआधी आदराने डॉन लावतात. आपल्याकडे मात्र सिनेमाने त्या शब्दाला भलताच अर्थ चिकटवला आहे! माटुंग्याची शाळा आणि तिथले मरियामातेचे मंदिर यांमुळे हे नाव आपल्या घराघरात पोहोचले आहे. मुलांवर माया करणारे हसतमुख संत, एवढी ओळख आपल्याला पुरेशी वाटते.

पण मुलांवर माया कोण करत नाही? डॉन बॉस्को यांचे मोठेपण याच्या पुढे आहे. त्यांनी मायेला शिस्त लावली. ती रोजच्या कामात उतरवली, कागदावर लिहून घेतली आणि आपल्या मागे ते काम चालवतील अशी माणसे घडवली. निराधार मुलांचे रक्षण आणि त्यांना मार्ग दाखवणे हेच त्यांनी आपले जीवितकार्य ठरवले. हे काम ते कसे शिकले, त्यासाठी त्यांना काय सोडावे लागले आणि त्यातून आपण काय घ्यावे, याचा आज विचार करू या.

बेक्कीचा पोरका मुलगा

जॉनचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील पिएमोंते प्रांतात, कास्तेलनुओव्हो गावाजवळच्या बेक्की नावाच्या वाडीवर झाला. घर शेतकऱ्याचे, हातावर पोट असलेले. जॉन दोन वर्षांचाही झाला नव्हता तोच १८१७ साली वडील फ्रान्सिस न्यूमोनियाने वारले. आई मार्गारिता तेव्हा अवघी एकोणतीस वर्षांची होती. पदरात सावत्र मुलगा अँथनी, स्वतःचे जोसेफ आणि जॉन, शिवाय म्हातारी सासू. त्यात दुष्काळाचे वर्ष. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु प्रार्थना आणि बायबलमधील गोष्टी तिला तोंडपाठ होत्या. मुलांना धर्मशिक्षण मिळाले ते तिच्याकडूनच.

नऊ वर्षांचा असताना जॉनला एक स्वप्न पडले. घराजवळच्या मैदानात पुष्कळ मुले दंगा करत होती, शिव्या देत होती. जॉन त्यांच्यात घुसला आणि ठोसे मारून त्यांना गप्प करू लागला. तेवढ्यात एका तेजस्वी पुरुषाने त्याला थांबवले आणि या मुलांना मारून नव्हे तर प्रेमाने जिंकायचे आहे, असे बजावले. पुढे एका स्त्रीने त्याला रानटी प्राण्यांचा कळप दाखवला. पाहता पाहता त्या प्राण्यांची कोकरे झाली. या स्वप्नाचा अर्थ पुरता कळायला त्याला कित्येक वर्षे लागली.

त्या वयातच तो जत्रेतील डोंबाऱ्यांचे खेळ निरखून पाहायचा आणि घरी सराव करायचा. मग रविवारी दोन झाडांना दोर बांधून त्यावर चालून दाखवायचा, हातचलाखी करायचा. तिकीट एकच : सर्वांनी मिळून रोझरी म्हणायची आणि सकाळी मिस्सात ऐकलेले प्रवचन जॉनच्या तोंडून पुन्हा ऐकायचे!

जॉनला शिकायचे होते. अँथनीचा त्याला कडवा विरोध होता. घरातली भांडणे विकोपाला जाऊ नयेत म्हणून १८२८ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, आईने त्याला परक्याच्या शेतावर गडी म्हणून पाठवले. जवळजवळ दोन वर्षे तो तिथे राबला. परतल्यावर कालोस्सो नावाच्या वृद्ध धर्मगुरूंनी त्याला लॅटिन शिकवायला घेतले. जॉनला वाटले, आता बाप मिळाला. परंतु वर्षभरातच, १८३० साली, ते धर्मगुरूही वारले. पुढे किएरी गावी शिकताना पोटासाठी तो शिंप्याकडे राहिला, कॉफीच्या दुकानात राबला, मिठाई करायला शिकला. १८३५ साली तो सेमिनरीत दाखल झाला आणि ५ जून १८४१ रोजी त्याला गुरुदीक्षा मिळाली.

बाप नसलेल्या मुलाला काय हवे असते, हे त्यांनी असे स्वतःच्या अंगावर शिकून घेतले होते. पोटाला भाकरी हवी, हाताला काम हवे आणि पाठीशी कोणीतरी मोठे माणूस हवे. यांतले एक जरी नसले तरी मूल घसरते.

तुरुंगात पडलेला प्रश्न

गुरुदीक्षेनंतर ते पुढील शिक्षणासाठी तुरीन शहरात आले. शहर झपाट्याने वाढत होते. डोंगराळ खेड्यांतून दहा-बारा वर्षांची मुले कामाच्या शोधात तिथे येत. कोणी गवंड्याच्या हाताखाली विटा उचलत, कोणी धुराडी साफ करत. रात्री कुठेतरी कोपऱ्यात झोपत. त्यांचा वाली कोणीच नव्हता.

डॉन बॉस्को यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते फादर जोसेफ काफास्सो, जे पुढे १९४७ साली संत म्हणून जाहीर झाले. ते कैद्यांमध्ये सेवा करत. त्यांच्याबरोबर डॉन बॉस्को तुरुंगात जाऊ लागले आणि तिथले दृश्य पाहून हादरले. बारा ते अठरा वर्षांची धडधाकट, हुशार मुले गजांआड रिकामी बसलेली, अंगावर उवा-ढेकूण, पोटात अन्न नाही. त्याहूनही एका गोष्टीने त्यांना अस्वस्थ केले. आता नीट वागू असे ठरवून बाहेर पडलेली मुले थोड्याच दिवसांत पुन्हा तिथेच दिसत.

असे का होते? मुले मुळात वाईट आहेत म्हणून? डॉन बॉस्को यांना तसे वाटले नाही. बाहेर पडल्यावर त्यांची वाट पाहणारे, रविवारी चौकशी करणारे, काम मिळवून देणारे कोणी नव्हते, हे त्यांच्या ध्यानात आले. तुरुंगात जाऊन उपदेश करणे चांगलेच. पण मूल तुरुंगात जाण्यापूर्वीच त्याला गाठले पाहिजे. त्यांच्या पुढच्या सर्व कामाची बीजे या निरीक्षणात आहेत.

त्याच वर्षी, ८ डिसेंबर १८४१ रोजी, निष्कलंक मरियेच्या सणाच्या दिवशी, ते संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या चर्चच्या सॅक्रिस्टीत मिस्साची तयारी करत होते. सोळा वर्षांचा एक पोरगा आत डोकावला. त्याला मिस्साला सेवा करता येत नाही हे कळताच सॅक्रिस्टनने त्याला पिसांच्या झाडणीच्या दांड्याने बडवून हाकलले. डॉन बॉस्को यांनी त्याला तत्काळ परत बोलावून घेतले. हा माझा मित्र आहे, असे सॅक्रिस्टनला ठणकावले. मुलाचे नाव बार्थोलोम्यू गारेल्ली. आई-बाप नाहीत, गवंडीकाम करतो, लिहिता-वाचता येत नाही. गाता येते का, तर तेही नाही. शीळ घालता येते का, असे विचारल्यावर मात्र तो पोरगा हसला. मिस्सानंतर दोघांनी मिळून नमो मरिया म्हटली आणि धर्मशिक्षणाचा पहिला धडा झाला. पुढच्या रविवारी तो मित्रांना घेऊन आला. हा प्रसंग डॉन बॉस्को यांनी स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. ज्या जागेत मुलाला मार बसला, त्याच जागेत त्याला मित्र मिळाला.

बिऱ्हाड पाठीवर

मुलांची संख्या वाढत गेली. या रविवारच्या मेळ्याला ओरेटरी असे नाव पडले. सकाळी मिस्सा आणि पापनिवेदन, मग खेळ, धर्मशिक्षण, गाणी, अक्षरओळख. आठवड्यात डॉन बॉस्को बांधकामांवर, कारखान्यांत जाऊन मुलांना भेटत आणि त्यांच्या मालकांशी बोलत. परंतु शेकडो मुलांचा गोंगाट कोणाला आवडणार? शेजारी तक्रार करत आणि मुलांना जागा सोडावी लागे. धर्मादाय संस्थेचे आवार, गिरण्यांजवळचे चर्च, जुन्या दफनभूमीचे चॅपल, शेवटी तर उघडे कुरण. शहराच्या अधिकाऱ्यांना एवढी पोरे एकत्र जमणे धोक्याचे वाटे, म्हणून पोलिसांची नजर असे.

त्या वेळी डॉन बॉस्को बारोलो घराण्यातील एका उदार विधवा बाईंच्या मुलींसाठीच्या संस्थेत पगारी धर्मगुरू होते. त्यांची प्रकृती ढासळत चाललेली पाहून बाईंनी त्यांच्यापुढे पेच टाकला : एकतर संस्थेचे काम करा, नाहीतर त्या पोरांचे. बाईंचा हेतू वाईट नव्हता. पण मुलींना सांभाळायला दुसरे धर्मगुरू मिळतील, या मुलांना कोण मिळणार, असा विचार करून डॉन बॉस्को यांनी नोकरी सोडली. पगार गेला, राहती जागाही जाणार होती.

काही स्नेह्यांना तर त्यांचे डोके फिरले असे वाटू लागले. दोन धर्मगुरू बग्गी घेऊन आले, त्यांना फिरायला नेण्याच्या मिषाने वेड्यांच्या इस्पितळात पोहोचवायला. डॉन बॉस्को यांनी ओळखले. त्यांनी आधी त्या दोघांना बग्गीत बसवले, बाहेरून दार लावले आणि गाडीवानाला इस्पितळाकडे पिटाळले!

अखेर १२ एप्रिल १८४६ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, वाल्दोक्को भागात पिनार्दी नावाच्या माणसाची शेड त्यांना भाड्याने मिळाली. छप्पर इतके बुटके की जमीन खणून खोल करावी लागली. त्याच उन्हाळ्यात अतिश्रमाने ते मरणाच्या दारात पोहोचले. गवंड्यांची पोरे दिवसभर राबून रात्री मरियामातेपुढे त्यांच्यासाठी गुडघे टेकत होती. ते वाचले. विश्रांतीसाठी बेक्कीला गेले आणि ३ नोव्हेंबरला आईला सोबत घेऊन पायी तुरीनला परतले. मार्गारिता तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. लग्नातले दागिने आणि कपडे तिने मुलांसाठी आणि चॅपलसाठी दिले.

सुरुवातीला झोपायला जागा दिलेली काही पोरे सकाळी पांघरुणे घेऊन पसार झाली. तरी १८४७ सालच्या मे महिन्यात, पावसात भिजलेला एक अनाथ मुलगा दाराशी आला तेव्हा मार्गारिता माउलीने स्वयंपाकघरात विटा आणि फळ्या मांडून त्याचे अंथरूण केले. झोपण्यापूर्वी तिने त्याला काम, प्रामाणिकपणा आणि देवभक्ती यांविषयी चार शब्द सांगितले. सालेशियन घरांत आजही झोपण्याआधी असे चार शब्द सांगण्याची प्रथा आहे. एकदा पोरांनी तिची भाजीची बाग तुडवली आणि ती कंटाळून गावी परत जायला निघाली. लेकाने काही न बोलता भिंतीवरच्या क्रूसाकडे बोट दाखवले. माउली पुन्हा कामाला लागली, ती १८५६ साली मरेपर्यंत.

स्टँप पेपरवरची माया

मुलांना कामाला लावून दिले की झाले, असे डॉन बॉस्को यांनी मानले नाही. उमेदवारी करणाऱ्या मुलाकडून मालक घरची धुणीभांडी करून घेत, चुकला की बडवत, सणाच्या दिवशीही राबवत. म्हणून डॉन बॉस्को मालकाबरोबर रीतसर करार करू लागले. १८५१ आणि १८५२ सालचे असे करार आजही जतन केलेले आहेत.

फेब्रुवारी १८५२ मधील एका करारात सुतारकाम शिकणाऱ्या मुलाची काळजी कलमवार लिहिली आहे. मालकाने धंदा नीट शिकवावा. चूक झाल्यास शब्दाने सांगावे, मारू नये. धंद्याशी संबंध नसलेली कामे सांगू नयेत. रविवार आणि सण मोकळे सोडावेत. पगार ठरल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने वाढवावा. मुलानेही आज्ञाधारक राहावे, मन लावून शिकावे. खाली मालक, मुलगा, त्याचे वडील आणि डॉन बॉस्को यांच्या सह्या. मुलाच्या हक्कासाठी स्टँप पेपर विकत घेणारा हा धर्मगुरू आपल्या काळाच्या किती पुढे होता!

तरीही बाहेरच्या कारखान्यांतले वातावरण मुलांना बिघडवते, हे पाहून १८५३ पासून त्यांनी वाल्दोक्कोतच चांभारकाम आणि शिवणकाम यांची शाळा काढली. त्यामागून पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई आणि लोहारकाम यांचे वर्ग सुरू झाले.

मारझोड न करता

मुलांना कसे वाढवावे यावर त्यांनी १८७७ साली एक छोटासा लेख लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : नियम सांगून दूर उभे राहायचे आणि चुकला की शिक्षा करायची, ही एक रीत. मुलांमध्ये बापासारखे, थोरल्या भावासारखे वावरायचे, म्हणजे चूक घडण्यापूर्वीच सावरता येते, ही दुसरी. दुसऱ्या रीतीला विवेक, धर्म आणि प्रेमळपणा हे तीन आधार लागतात. हात उगारणे, कान पिरगळणे, गुडघ्यांवर बसवून छळणे हे सर्व त्यांनी वर्ज्य ठरवले. चारचौघांत शिक्षा करून मुलाचा अपमान करू नये असे सांगितले. हे साल १८७७ होते, हे आपण विसरू नये.

त्यांच्या घरात नव्या मुलाला एक जाणता सोबती जोडून दिला जाई. मायकल मागोने हा बापाविना वाढलेला, टोळीचा म्होरक्या असलेला मुलगा त्यांना १८५७ साली कारमान्योला स्टेशनवर भेटला. वाल्दोक्कोत त्याला असाच एक सोबती मिळाला आणि तो पार बदलला. दुर्दैवाने वयाच्या तेराव्या वर्षी तो वारला. डॉमिनिक साव्हियो हा मुलगा पवित्र होण्याच्या ध्यासाने देहाला क्लेश देऊ लागला, तेव्हा डॉन बॉस्को यांनी त्याला सक्त मनाई केली. आनंदाने खेळावे, अभ्यास करावा, मित्रांना मदत करावी, हाच त्याचा पवित्रतेचा मार्ग ठरवून दिला. डॉमिनिक १८५७ साली वारला. १९५४ साली तो संत म्हणून जाहीर झाला.

मायकल रुआ हा असाच लहानपणी बाप गेलेला मुलगा. डॉन बॉस्को यांनी एकदा हात पुढे करून तो मधोमध कापल्याची खूण केली. आपण दोघे सर्व काही अर्धे अर्धे वाटून घेणार आहोत, हा तिचा अर्थ त्याला पुढे उलगडला. १८ डिसेंबर १८५९ रोजी डॉन बॉस्को यांच्यासह अठरा जणांनी सालेशियन संस्थेचा पाया घातला. त्यांतले बहुतेक त्यांच्याच हाताखाली वाढलेले तरुण होते. सौम्यतेसाठी प्रसिद्ध असलेल्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांचे नाव त्यांनी संस्थेला दिले. १८७२ साली संत मेरी माझारेलो यांच्याबरोबर मुलींसाठी काम करणाऱ्या धर्मभगिनींची संस्था स्थापन झाली. १८७५ साली पहिले मिशनरी अर्जेंटिनाला गेले. डॉन बॉस्को यांच्या पश्चात संस्थेची धुरा मायकल रुआ यांनीच सांभाळली.

रोमहून आलेले पत्र

आता एक गोष्ट, जी आपण फारशी ऐकत नाही. मे १८८४ मध्ये डॉन बॉस्को यांनी रोमहून वाल्दोक्कोला एक पत्र पाठवले. त्यांच्याच घरात काहीतरी बिघडले होते. शिक्षक आता मुलांबरोबर खेळत नव्हते, दूर उभे राहून देखरेख करत होते. मुले मन मोकळे करत नव्हती. डॉन बॉस्को यांनी कळवळून लिहिले की, मुलांवर प्रेम करणे पुरेसे नाही. आपल्यावर प्रेम केले जात आहे हे मुलांना जाणवले पाहिजे.

विचार करा! संस्थापक हयात, नियम लिहिलेले, काम जगभर पसरलेले आणि तरीही मुले आणि मोठे यांच्यात भिंत उभी राहिली. मुलांचे रक्षण ही एकदा करून ठेवायची गोष्ट नाही, ती दररोज नव्याने करावी लागते, हेच यातून दिसते. ३१ जानेवारी १८८८ रोजी पहाटे डॉन बॉस्को यांनी देह ठेवला. १९३४ साली पुनरुत्थानाच्या रविवारी त्यांना संतपद मिळाले.

आपल्या दारातली मुले

डॉन बॉस्को यांचे शिष्य १९०६ साली भारतात, तंजावरला आले. मुंबईत वडाळा येथे १९८७ पासून रस्त्यावरच्या मुलांसाठी शेल्टर डॉन बॉस्को हे घर चालवले गेले. घरातून पळून रेल्वेने मुंबईत उतरणारी मुले आणि कामाच्या शोधात तुरीनमध्ये येणारी मुले, यांत फरक तो काय?

मुलांचे रक्षण हा विषय आज आपल्याला टाळता येणार नाही. आपल्या ख्रिस्तसभेतही, ज्यांच्यावर विश्वास ठेवला अशा माणसांकडून मुलांवर अत्याचार झाले आणि कित्येकदा ते झाकले गेले, हे कटू सत्य जगभर उघड झाले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ साली अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी आयोग नेमला आणि २०१९ साली तक्रारींबाबत कडक नियम केले. आपल्या देशात २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. कुटुंबाची किंवा चर्चची अब्रू जाईल म्हणून गप्प बसणे हे पाप तर आहेच, गुन्हाही आहे. संकटातील मुलासाठी १०९८ हा फोन क्रमांक प्रत्येक घरात लिहून ठेवावा.

धर्मशिक्षणाचे वर्ग, वेदीसेवक, गायनमंडळ, सुट्टीतील शिबिरे, या सर्व ठिकाणी आपली मुले मोठ्यांच्या हवाली असतात. तिथे एकाऐवजी दोन मोठी माणसे असावीत, दार उघडे असावे, मूल काही सांगू लागले तर ते मध्येच न तोडता ऐकावे. हे नियम म्हणजे कोणावर अविश्वास नव्हे. डॉन बॉस्को यांनी मालकांकडून सह्या घेतल्या, त्या प्रामाणिक मालकालाही जाचक वाटल्या नसतील.

आणि नियमांबरोबर माणसेही हवीत. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, सुतार आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत, नर्स आहेत. दहावीत नापास झालेला, बाप दारूत बुडालेला, आई कामावर गेलेली अशी मुलेही आपल्या गल्लीत आहेत. त्यांतल्या एकाची, फक्त एकाची, आठवड्यातून एकदा नेमाने चौकशी करणे कोणाला अशक्य आहे? गारेल्ली तरी एकटाच आला होता.

दाराशी आलेल्या मुलाला हाकलणारा हात आपला नसावा आणि त्याला परत बोलावणारा आवाज आपला असावा, ही कृपा आपण संत जॉन बॉस्को यांच्या मध्यस्थीने प्रभू येशूकडे मागू या.